न्यू ब्रन्स्विकमध्ये नवख्यांनी नोकरी कशी शोधावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉन्क्टनला राहायला आल्यापासून महाराष्ट्रातून येऊ घातलेल्या आणि नुकत्याच येऊन पोहोचलेल्या मंडळींचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे सारे कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतापुरते आहे. क्यूबेक आणि ऑटवा येथील नियम वेगळे असल्याने त्यांच्याविषयी प्रश्न १८ पाहावा. वेतनाचे आणि नियमांचे आकडे २०२५ मधील आहेत.

१. न्यू ब्रन्स्विक द्विभाषिक आहे, म्हणजे तिथल्या प्रत्येकाला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येतात का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. कॅनडाच्या राज्यघटनेने द्विभाषिक ठरवलेला हा एकमेव प्रांत आहे. लुई रोबिशो प्रांताचे प्रमुख असताना १९६९ मध्ये येथे राजभाषा कायदा झाला, १९८२ च्या हक्कसनदेत या प्रांताचे नाव घेऊन दोन्ही भाषांना समान दर्जा दिला गेला आणि २००२ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी अधिक तपशीलवार कायदा आला. मात्र यातला हक्क नागरिकाचा आहे आणि बंधन सरकारवर आहे. सरकारी खिडकीवर, रुग्णालयात किंवा न्यायालयात गेलेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या भाषेत सेवा मिळाली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही भाषा येणे कोणाही रहिवाशावर बंधनकारक नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे लोक सुमारे ३४ टक्के होते, म्हणजे तिघांतला एक. उरलेल्या दोघांपैकी बहुतेकांना फक्त इंग्रजी येते आणि थोड्यांना फक्त फ्रेंच.

२. मला फ्रेंचचा एक शब्दही येत नाही. तरी नोकरी मिळेल का?

मिळेल. खासगी आस्थापनांवर राजभाषा कायद्याचे बंधन नाही. सरकारच्या वतीने जनतेला सेवा देण्याचे काम ज्यांनी घेतले आहे, तेवढेच त्याच्या कक्षेत येतात. गोदामे, मालवाहतूक, बांधकाम, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे, संगणकक्षेत्र, कारखाने अशा ठिकाणी केवळ इंग्रजीवर काम करणारे हजारो लोक आहेत. फ्रेंच शिकून झाल्यावरच अर्ज करू, असे ठरवून पहिले सहा महिने घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी दर वेळी हेच कळकळीने सांगते की आज येत असलेल्या भाषेवर आज मिळेल ते काम धरा आणि फ्रेंच त्याच्या जोडीने शिका. फक्त कोणत्या गावी जायचे हे मात्र विचारपूर्वक ठरवावे लागते. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

३. मॉन्क्टन, फ्रेडरिक्टन, सेंट जॉन की आणखी कुठे? भाषेच्या दृष्टीने कोणते शहर बरे?

सेंट जॉन आणि प्रांताची राजधानी फ्रेडरिक्टन ही प्रामुख्याने इंग्रजी शहरे आहेत. सेंट जॉनला बंदर आहे आणि कॅनडातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. फ्रेडरिक्टनला सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ आणि संगणकक्षेत्रातील कंपन्या आहेत. फक्त इंग्रजीवर सुरुवात करणाऱ्याला ही दोन्ही शहरे सोपी जातात, अपवाद सरकारी पदांचा.

मॉन्क्टनची गोष्ट निराळी आहे. मॉन्क्टन, डिएप आणि रिव्हरव्ह्यू या तिन्ही नगरपालिका एकमेकींना खेटून असल्या तरी डिएपमध्ये फ्रेंच भाषकांची बहुसंख्या आहे, पेटिकोडियाक नदीपलीकडच्या रिव्हरव्ह्यूमध्ये इंग्रजीच चालते आणि खुद्द मॉन्क्टनमध्ये दोन्ही भाषा एकाच रांगेत ऐकू येतात. मॉन्क्टनने २००२ मध्ये स्वतःला अधिकृतपणे द्विभाषिक शहर जाहीर केले आणि असे करणारे ते देशातले पहिले शहर ठरले. डिएपने २०१० मध्ये दुकानांच्या बाहेरच्या पाट्या दोन्ही भाषांत असाव्यात असा नियम केला. त्यामुळे एकाच दुकानसाखळीच्या दोन शाखांमध्ये, बसने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, भाषेची अपेक्षा वेगळी असू शकते. डिएपमधल्या शाँप्लेन मॉलमधल्या दुकानात गल्ल्यावर उभे राहायचे असेल तर फ्रेंचचा प्रश्न विचारला जाणारच. रिव्हरव्ह्यूमध्ये तो बहुधा निघणारही नाही.

उत्तरेला आणि ईशान्येला, म्हणजे एडमन्स्टन, काराके, शिपागान, ट्राकाडी या भागांत, दैनंदिन व्यवहार फ्रेंचमध्येच होतो. फ्रेंच बरी येणाऱ्याला तिथे स्पर्धा कमी आणि मागणी चांगली असते. ती न येणाऱ्याने केवळ घरभाडे कमी आहे म्हणून तिकडे जाऊ नये. आग्नेय किनाऱ्यावरील शेडियाक, काप-पेले येथील मासळीप्रक्रियेच्या कारखान्यांत भाषेची अट सैल असते, पण काम हंगामी असते, हे लक्षात घेऊनच वर्षाचा हिशोब मांडावा.

४. जाहिरातीत कुठे "बायलिंग्वल आवश्यक" लिहिलेले असते, कुठे "बायलिंग्वल असेट". या दोन्हींत प्रत्यक्षात फरक काय?

माझ्या मते इथे नोकरी शोधणाऱ्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट हीच आहे. "आवश्यक" म्हणजे ती अट पूर्ण होत नसेल तर अर्ज बाजूला पडेल. "असेट", आणि फ्रेंच जाहिरातीत "आतू", म्हणजे भाषा येत असेल तर अर्ज वर सरकेल, येत नसेल तरी वाचला जाईल. "असेट" लिहिलेल्या जागांना निःसंकोच अर्ज करावा.

परंतु शब्दापेक्षा त्यामागचे कारण ओळखणे अधिक उपयोगाचे असते, कारण भाषेची अट तीन ठिकाणांहून येते. पहिली कायद्यातून: सरकारी खिडकी, रुग्णालय, न्यायालय, आणि जिथे दुसऱ्या भाषेचे लोक किमान २० टक्के आहेत अशी नगरपालिका. तिथे पद द्विभाषिक ठरवलेले असेल तर त्यावर घासाघीस होत नाही. दुसरी अट गिऱ्हाइकामुळे येते. मॉन्क्टनमध्ये रेल्वेचा मोठा दुरुस्ती कारखाना होता. तो १९८८ मध्ये बंद पडला आणि नव्वदच्या दशकात त्या वेळचे प्रांतप्रमुख फ्रँक मकेना यांनी दोन्ही भाषा बोलणारे मनुष्यबळ हेच आपले भांडवल म्हणून पुढे करून देशभरातील कंपन्यांची कॉल सेंटर्स येथे आणली. अशा ठिकाणी फ्रेंच फोन घेण्यासाठीच माणूस नेमलेला असतो, त्यामुळे तिथली अटही पक्की असते. तिसरी अट मात्र निव्वळ सवयीची असते: कधीकाळी लिहिलेली जाहिरात तशीच पुढे चालू राहते आणि प्रत्यक्षात त्या खुर्चीवरच्या माणसाला आठवडाभरात फ्रेंच बोलावे लागत नाही.

कोणती अट कुठली, हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे कामाचे वर्णन नीट वाचणे. त्यात फोन, स्वागतकक्ष, रुग्ण, ग्राहक हे शब्द आहेत की हिशोब, यंत्र, गोदाम हे आहेत, ते पाहावे. तरीही उलगडा झाला नाही तर जाहिरातीत दिलेल्या व्यक्तीला फोन करून "या पदावर दिवसातून साधारण किती वेळा फ्रेंच बोलावे लागते?" असे सरळ विचारावे. या प्रश्नाचा कोणालाही राग येत नाही.

५. मला मराठी, हिंदी आणि इंग्रजी उत्तम येते. मग मी स्वतःला "बायलिंग्वल" म्हणू शकतो ना?

या प्रांतात नाही. येथे त्या शब्दाचा अर्थ इंग्रजी आणि फ्रेंच असाच धरला जातो, आणि अर्जाच्या चौकटीत तो निवडला तर फोन फ्रेंचमध्ये येईल. मराठी, हिंदी, गुजराती, पंजाबी या भाषा रेझ्युमेमध्ये "इतर भाषा" म्हणून जरूर लिहाव्यात. नवागतांच्या सेवा, बँका, वृद्धाश्रम अशा ठिकाणी त्यांचा उपयोग होतो.

६. अकरावी-बारावीला फ्रेंच होते, शिवाय पुण्यात डेल्फ या फ्रेंच परीक्षेची बी-१ पातळी केली आहे. हे किती उपयोगी पडेल?

बारावीचे फ्रेंच गुणपत्रिकेत चांगले दिसते, पण बोलण्याचा सराव झालेला नसेल तर रेझ्युमेमध्ये ते "प्राथमिक" यापुढे लिहू नये. अकरावी-बारावीत ही भाषा आपल्याकडे अनेकदा गुणांसाठी घेतली जाते आणि दोन वर्षांत तोंडाने वाक्य क्वचितच बोलले जाते, ही वस्तुस्थिती आहे. डेल्फचे प्रमाणपत्र मात्र वजनदार आहे. त्याची मुदत कधी संपत नाही आणि फ्रेंच भाषक मालकाला त्याचा अर्थ लगेच समजतो. बी-१ म्हणजे रोजचे व्यवहार निभावता येतात. फोनवर चिडलेल्या ग्राहकाची समजूत काढायची असेल तर बी-२ हवी.

एक गोष्ट कटाक्षाने लक्षात ठेवावी. कायम रहिवासी होण्यासाठी एक्स्प्रेस एंट्री ही गुणांवर चालणारी केंद्र सरकारची पद्धत आहे, तिच्या अर्जासाठी डेल्फ चालत नाही. तिथे टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा हीच परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो. इंग्रजीच्या जोडीला फ्रेंचच्या चारही कौशल्यांत (ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे) कॅनडाच्या भाषामापनातील सातवी पातळी गाठली तर त्या गुणांकनात ५० पर्यंत जादा गुण मिळतात.

७. फ्रेंच येते असे लिहिले तर खरोखर चाचणी घेतात का?

घेतात, आणि बहुधा न सांगता घेतात. खासगी नोकरीत सर्वसाधारणपणे फोनवरच्या पहिल्या बोलण्यात मध्येच भाषा बदलली जाते. प्रांत सरकारच्या पदांसाठी तोंडी मुलाखतीतून प्राथमिक, मध्यम, प्रगत, श्रेष्ठ अशा पातळ्या ठरवल्या जातात. केंद्र सरकारच्या पदांवर वाचन, लेखन आणि संभाषण यांना अ, ब, क अशा पातळ्या असतात. जाहिरातीत "सीबीसी" दिसले तर वाचन क, लेखन ब आणि संभाषण क असा त्याचा अर्थ घ्यावा. या चाचणीचा निकाल पाच वर्षे चालतो. "आवश्यक" द्विभाषिक पदाला ही पातळी आधीच लागते. काही थोड्या पदांवर निवडीनंतर शिकण्याची मुभा असते, पण नवागताने त्या भरवशावर राहू नये. केंद्रीय नोकऱ्यांत कॅनडाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांना प्राधान्य असते, हेही आधीच जाणून घ्यावे.

८. विमानातून उतरल्यावर नोकरीच्या दृष्टीने पहिले काम कोणते?

सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे "सिन", काढणे. सर्व्हिस कॅनडाच्या कार्यालयात किंवा ऑनलाइन तो विनामूल्य मिळतो. हा नऊ आकडी क्रमांक नोकरी लागल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाला द्यावा लागतो. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांचा क्रमांक ९ ने सुरू होतो आणि परवान्याबरोबरच त्याची मुदत संपते. परवाना वाढवला की तोही अद्ययावत करून घ्यावा. अर्ज करताना, किंवा नोकरी पक्की होण्याआधी, हा क्रमांक कोणालाही देऊ नये. बँक खाते आणि इथला फोन नंबर त्याच आठवड्यात घ्यावेत, कारण भारतातल्या नंबरवर मुलाखतीसाठी कोणी फोन करत नाही.

९. नोकऱ्या शोधायच्या कुठे?

केंद्र सरकारचे "जॉब बँक" आणि प्रांताचे "एनबी जॉब्स" ही दोन संकेतस्थळे रोज पाहावीत. दोन्ही संकेतस्थळे दोन्ही भाषांत असतात आणि फ्रेंच बाजूने शोधले तर काही वेगळ्या जाहिराती सापडतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. "वर्किंग एनबी" ही प्रांताची रोजगारसेवा विनामूल्य आहे. तिथला समुपदेशक समोर बसून रेझ्युमे तपासतो.

मॉन्क्टनमध्ये नवागतांसाठी "मॅग्मा" ही बहुसांस्कृतिक संस्था आहे आणि फ्रेंचमधून सेवा देणारे "काफी" हे केंद्र आहे. फ्रेंच शिकणाऱ्यांनी दोन्हीकडे नाव नोंदवावे असे मला वाटते. काफीच्या कार्यक्रमांना येणारे बरेच लोक आफ्रिकेतील फ्रेंच भाषक देशांतून आलेले असतात. तेही आपल्यासारखेच काम शोधत असतात, तुमच्या चुकांना हसत नाहीत आणि कुठे भरती चालू आहे हे त्यांना आपल्याआधी कळते. केंद्राच्या निधीतून चालणाऱ्या सेवा मुख्यतः कायम रहिवाशांसाठी असतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी आणि तात्पुरत्या परवान्यावरील कामगारांनी आपल्याला कोणती सेवा लागू आहे ते जाण्याआधी विचारून घ्यावे.

आणि दुकानात प्रत्यक्ष जाऊन रेझ्युमे देण्याची पद्धत येथे अजून जिवंत आहे. छोट्या गावांत तर तीच चालते.

१०. आपल्याकडचा बायोडेटा चालेल का?

तसाच्या तसा नाही. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, जात, वडिलांचे नाव, पासपोर्ट क्रमांक यांतले काहीही लिहू नये. वय, धर्म, मूळ देश, वैवाहिक स्थिती यांवरून भेदभाव करण्यास प्रांताच्या मानवी हक्क कायद्याने मनाई केली आहे, त्यामुळे ही माहिती समोर आली की मालकच अडचणीत सापडतो. दहावी-बारावीची टक्केवारीही नको. दोन पाने पुरेत. भारतातील पदनामे येथे कळत नाहीत. "सीनियर एक्झिक्युटिव्ह" एवढेच न लिहिता त्या पदावर किती माणसे हाताखाली होती, कोणते यंत्र वा कोणती प्रणाली हाताळली, किती रुपयांचा व्यवहार सांभाळला ते लिहावे. आपल्याबद्दल सांगू शकतील अशी दोन-तीन माणसे तयार ठेवावीत आणि त्यांचे नाव देण्याआधी त्यांना विचारावे. येथे ओळखीचे कोणीच नसेल तर काही आठवडे अन्नपेढीत किंवा ग्रंथालयात स्वयंसेवकाचे काम करावे. तिथली व्यवस्थापक तुमच्यासाठी बोलू शकते.

११. अर्ज इंग्रजीत करावा की फ्रेंचमध्ये?

जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत. दोन्हींत असेल तर जी भाषा पक्की आहे तिच्यात. द्विभाषिक पदासाठी मात्र दोन्ही भाषांतील रेझ्युमे जोडलेला चांगला, पण फ्रेंच प्रत यंत्राने भाषांतरित करून तशीच पाठवू नये. एखाद्या फ्रेंच भाषक माणसाकडून ती वाचून घ्यावी. उघडी पडणारी चूक बहुधा किरकोळ दिसणाऱ्या जागी असते. फ्रेंचमध्ये डॉलरचे चिन्ह आकड्यानंतर, मध्ये जागा सोडून येते आणि दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. महिन्यांची आणि भाषांची नावे लहान अक्षराने सुरू होतात. वाचणारी व्यक्ती एवढ्यावरून ओळखते की हा मजकूर माणसाच्या हातून गेला आहे की नाही.

१२. मुलाखतीत अचानक फ्रेंच सुरू झाले तर काय करायचे?

माझ्या पहिल्या मुलाखतीत हेच झाले. इंग्रजीत सुरळीत चाललेल्या बोलण्यात समोरच्या बाईंनी पुढचा प्रश्न फ्रेंचमध्ये विचारला, तो मला अर्धा कळला आणि मी उत्तर देण्याऐवजी मला फ्रेंच का येत नाही याची इंग्रजीतून कारणे देत बसले. नंतर त्यांनीच समजावले की त्यांना माझे व्याकरण पाहायचे नव्हते; फ्रेंच बोलणारा ग्राहक समोर आला तर मी त्याला ताटकळत ठेवीन का, एवढेच पाहायचे होते.

या प्रांतातील सरकारी कर्मचारी "हॅलो, बोंजूर" अशी दोन्ही भाषांत सुरुवात करतात, कारण ग्राहकाने मागण्याआधीच त्याला भाषेची निवड देणे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. खासगी दुकानांतही हीच रीत रुळली आहे. समोरचा फ्रेंचमध्ये उत्तरला आणि आपल्याला पुढे जमत नसेल तर "अं मोमां, सिल व्हू प्ले, झ्यू व्हू पास मा कोलेग" असे म्हणून सहकारिणीला बोलवायचे, म्हणजे "एक क्षण थांबा, मी तुम्हाला माझ्या सहकारिणीकडे देते." हे एक वाक्य घडाघडा, शांत चेहऱ्याने म्हणता आले तर "असेट" लिहिलेल्या बऱ्याच जागांवर निभावून जाते. मुलाखतीत फ्रेंच सुरू झाले की जेवढे कळले तेवढ्याचे दोन वाक्यांत फ्रेंचमध्ये उत्तर द्यावे आणि मग "यापुढचे इंग्रजीत सांगू का?" असे फ्रेंचमध्येच विचारावे. पातळी वाढवून सांगितल्याने जेवढे नुकसान होते तेवढे ती खरी सांगितल्याने कधीच होत नाही.

१३. मी फ्रेंच शिकून आले, पण इथल्या लोकांचे बोलणे कळतच नाही. माझे फ्रेंच चुकीचे आहे का?

तुमचे फ्रेंच बरोबर आहे, आणि त्यांचेही. हे लोक आकाडियन आहेत. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच वसाहतकारांचे हे वंशज. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना हुसकावून देशोधडीला लावले आणि त्यांतले अनेक जण पुढे परत येऊन याच किनाऱ्यावर वसले. आपली भाषा त्यांनी शाळा-कचेऱ्यांच्या आधाराविना पिढ्यानपिढ्या टिकवली. मॉन्क्टनच्या आसपासच्या बोलीला शियाक म्हणतात आणि तिच्यात इंग्रजी शब्द फ्रेंच प्रत्यय लावून वावरतात. "जे पार्के मों शार दां ला ड्राइव्हवे" हे वाक्य पाहा: "मी गाडी घरापुढे लावली." पुण्यात गाडीला "व्वात्यूर" शिकवतात, इथे "शार". आपणही "गाडी पार्क केली" असेच म्हणतो, तेव्हा मराठी माणसाला हे समजून घेणे जड जाऊ नये.

कामाच्या ठिकाणी नडणारा एक शब्द आधीच सांगून ठेवते. पाठ्यपुस्तकात "दीने" म्हणजे रात्रीचे जेवण. येथे "दीने" म्हणजे दुपारचे. पर्यवेक्षकाने "दीनेनंतर या" म्हटले तर दुपारी हजर व्हायचे. "त्यू" आणि "व्हू" यांतला फरक आपल्या "तू" आणि "तुम्ही" सारखाच आहे. येथे सहकारी लवकर "त्यू"वर येतात, पण ग्राहकाशी आणि मुलाखतीत "व्हू"च वापरावे.

१४. फ्रेंच कुठे आणि किती खर्चात शिकता येईल?

कायम रहिवाशांना सरकारी खर्चाने भाषावर्ग मिळतात. इंग्रजीच्या वर्गांना "लिंक" आणि फ्रेंचच्या वर्गांना "क्लिक" म्हणतात. आधी पातळीची चाचणी होते आणि मग जागा मिळेल तसा प्रवेश मिळतो. बरेच जण इंग्रजीच्या वर्गापुरतीच चौकशी करतात, म्हणून फ्रेंचचे नाव मुद्दाम घ्यावे. इतरांसाठी महाविद्यालये आणि स्थानिक संस्थांचे संध्याकाळचे वर्ग असतात. नोकरी करता करता शिकणाऱ्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी निव्वळ बोलण्यासाठी राखून ठेवाव्यात.

१५. मी परिचारिका आहे. यजमान अभियंते आहेत. आमच्यासाठी वेगळे काही आहे का?

आहे, आणि त्याची तयारी भारतातूनच सुरू करावी. परिचर्या, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, शिक्षण हे व्यवसाय परवान्याविना करता येत नाहीत. परिचारिकांची आणि अभियंत्यांची नोंदणी प्रांतातील त्यांच्या त्यांच्या व्यावसायिक संघटना करतात. या संघटनांवर राजभाषा कायदा लागू असल्याने त्यांच्याशी दोन्हींपैकी कोणत्याही एका भाषेत व्यवहार करता येतो. विद्यापीठाकडून लखोटाबंद गुणपत्रिका थेट पाठवून घेणे हा यातला सर्वांत वेळखाऊ भाग असतो, तो विमानात बसण्याआधी उरकावा. विजेच्या कामासारख्या कारागिरीच्या व्यवसायांना वेगळे प्रमाणपत्र लागते.

आरोग्यसेवेत आणखी एक गोष्ट आहे. प्रांतात दोन आरोग्यसंस्था आहेत: होरायझनचा अंतर्गत कारभार इंग्रजीत आणि व्हितालितेचा फ्रेंचमध्ये चालतो, मात्र रुग्णांना दोन्हींनी दोन्ही भाषांत सेवा द्यायची असते. एकट्या मॉन्क्टनमध्ये दोन्हींचे एकेक मोठे रुग्णालय आहे. फक्त इंग्रजी येणाऱ्या परिचारिकेने होरायझनकडे अर्ज करावा. तिथे पथकात फ्रेंच बोलणारे कोणी असेल अशी रचना करतात, त्यामुळे प्रत्येक पद द्विभाषिक नसते. शिक्षकांनी लक्षात घ्यावे की इंग्रजी आणि फ्रेंच शाळांच्या व्यवस्था पूर्णपणे स्वतंत्र आहेत.

१६. विद्यार्थी म्हणून आलो आहे. किती तास काम करता येते आणि पगार किती?

नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे. अधिकृत सुट्टीत पूर्णवेळ काम चालते. ही मर्यादा ओलांडली तर पुढचा परवाना धोक्यात येतो, म्हणून मालकाने "रोख देतो" म्हटले तरी नकार द्यावा.

१ एप्रिल २०२५ पासून किमान वेतन ताशी १५.६५ डॉलर झाले आणि दर वर्षी एप्रिलमध्ये ते महागाईनुसार बदलते. जादा तासांचा नियम इथे जरा अनपेक्षित आहे. आठवड्याला ४४ तासांनंतर दीडपट मिळते खरे, पण ती किमान वेतनाच्या दीडपट, म्हणजे सुमारे २३.४८ डॉलर. ताशी ३० डॉलर मिळवणाऱ्याला कायद्याने ४५ मिळत नाहीत, करारात तसे लिहिले असेल तरच मिळतात. सुट्टीचे वेतन पहिली आठ वर्षे किमान चार टक्के असते. दोन्ही भाषा येण्याबद्दल केंद्र सरकार पात्र कर्मचाऱ्यांना वर्षाला ८०० डॉलरचा भत्ता देते. काही कॉल सेंटर्सही फ्रेंच फोन घेणाऱ्यांना ताशी थोडे अधिक देतात, ते मुलाखतीतच विचारावे. रात्रपाळी स्वीकारण्याआधी ती संपते तेव्हा घरी जायला बस आहे का, हे पाहून घ्यावे.

१७. मी अजून भारतात आहे. तिथली नोकरी मिळवून येण्याचे मार्ग कोणते? एजंट पैसे मागतो, ते द्यावेत का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी: देऊ नयेत. परदेशी कामगाराकडून नोकरी मिळवून देण्याचे शुल्क घेण्यास या प्रांतात कायद्याने मनाई आहे. परदेशी कामगार नेमण्यासाठी मालकाला केंद्र सरकारकडून एलएमआयए ही मंजुरी घ्यावी लागते, तिच्यासाठी भरावे लागणारे १,००० डॉलरही कामगाराकडून वसूल करता येत नाहीत. "एलएमआयए विकत मिळेल" असे कोणी म्हणाले तर तिथेच बोलणे थांबवावे. घरची जमीन गहाण टाकून असे पैसे भरलेल्या कुटुंबांशी मी बोलले आहे, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहिते.

सरळ मार्ग दोन. अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम २०२२ पासून कायमस्वरूपी झाला. त्यात सरकारने मान्यता दिलेल्या मालकाचाच नोकरीचा प्रस्ताव लागतो, आणि कामाच्या दर्जानुसार इंग्रजी किंवा फ्रेंचची चौथी वा पाचवी पातळी (प्रश्न ६ मधल्याच मापनाची) पुरते. मान्यताप्राप्त मालकांची यादी जाहीर असते, ती पडताळून पाहावी.

दुसरा मार्ग आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. फ्रँकोफोन मोबिलिटी या परवान्यात क्यूबेकबाहेरच्या मालकाला एलएमआयएची गरज पडत नाही. जून २०२३ पासून त्यासाठी फ्रेंच बोलणे आणि ऐकून समजणे यांत पाचवी पातळी पुरते आणि शेतीतील काही कामे वगळता जवळजवळ सर्व कामे त्यात बसतात. महत्त्वाचे म्हणजे नोकरीत फ्रेंच लागलेच पाहिजे असे नाही: सेंट जॉनमधल्या पूर्णपणे इंग्रजी कंपनीतल्या वेल्डरलाही तो मिळू शकतो, फक्त वेल्डरला फ्रेंच आले पाहिजे. अनेक मालकांनाही हे माहीत नसते, त्यामुळे अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत ते लिहावे.

१८. गॅटिनो, माँट्रियल किंवा ऑटवा येथेही हेच नियम लागू होतात का?

नाही. क्यूबेकमध्ये राजभाषा एकच आहे आणि ती फ्रेंच. १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेनुसार कामाची भाषा फ्रेंच असते, आणि पदासाठी खरोखर गरज आहे हे दाखवल्याशिवाय मालकाला इंग्रजीची अट घालता येत नाही. म्हणजे प्रश्न ४ मधले सारे गणित तिथे उलटे होते. १ जून २०२५ पासून २५ ते ४९ कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही फ्रेंचच्या वापराची नोंदणीप्रक्रिया लागू झाली आहे. प्रश्न १७ मधील फ्रँकोफोन मोबिलिटी क्यूबेकमधील नोकरीला चालत नाही. ऑटवा ऑन्टारियोत आहे आणि तिथली बहुतेक खासगी कामे इंग्रजीवर होतात. फ्रेंचची मोठी मागणी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून येते, आणि तिथल्या पदांना प्रश्न ७ मधील केंद्रीय चाचणीच लागू होते. ऑटवा नदीवरचा पूल ओलांडून क्यूबेकमधल्या गॅटिनोला राहायला गेलेल्या माणसाची नोकरी ऑटवातच राहिली, तरी राहण्याचा प्रांत बदलल्याने त्याचे कर, आरोग्यविमा आणि मुलांच्या शाळेची भाषा हे तिन्ही बदलते. घरभाड्यातला फरक पाहून निर्णय घेण्याआधी या तिन्हींची चौकशी करावी.